भोंगा गुरगुरतो, पण चढत नाही: जुन्या बंबावरच्या सायरनचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. भोंगा वाजतो, पण ओरडत नाही.

गाडी १९५० च्या दशकातली, अग्निशमन दलातून कधीच निवृत्त झालेला बंब. आताचे मालक हौशी आणि चिकाटीचे आहेत. इंजिन, ब्रेक, रंग सगळं त्यांनी मार्गी लावलं होतं, फक्त डाव्या मडगार्डवरचा भोंगा दाद देत नव्हता. ओतीव धातूचं जड धूड, पुढे जाळी, मागे मोटरचा डबा. पट्टीवर बाकी सगळं झिजलेलं, '१२ व्होल्ट' एवढंच वाचता येत होतं. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की अँमीटरचा, म्हणजे विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा टोकाला जाऊन आपटायचा, हेडलाइट पिवळे पडायचे, भोंगा 'गुर्र' करत उठायचा आणि अर्ध्या वाटेत दम टाकायचा. दहा सेकंद दाबून धरलं की बटणाला बोट लावणं मुश्कील.

माझ्या आधी दोघांनी तपासलं होतं. पहिला म्हणाला, भोंगा म्हातारा झाला, याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक सायरनचा स्पीकर बसवू. दुसऱ्याचं निदान जास्त रुबाबदार होतं: गाडी पॉझिटिव्ह अर्थची, भोंगा निगेटिव्ह अर्थच्या जमान्यातला, म्हणून तो उलटा फिरतो, तेव्हा सगळी गाडीच निगेटिव्ह अर्थ करून घ्या. मालक बिचारे डायनॅमो आणि रेग्युलेटर नव्या ध्रुवतेला जुळवून घ्यायच्या तयारीला लागले होते.

हे दुसरं निदान आधी निकालात काढतो, कारण ते बऱ्याच ठिकाणी ऐकू येतं. ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असायचं, हे खरं. पण या जातीच्या भोंग्याची मोटर सिरीज वाइंडिंगची असते, म्हणजे फील्डची स्थिर गुंडाळी आणि आर्मेचर (फिरती गुंडाळी) एकामागोमाग, एकाच प्रवाहात. बाहेरच्या दोन वायरींची अदलाबदल केली की दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, आणि दोन्ही उलटले की फिरण्याची दिशा होती तीच राहते. गाडीच्या सेल्फच्या मोटरचंही बहुधा असंच असतं. कायम चुंबकाची मोटर असती तर गोष्ट वेगळी. तेव्हा अर्थ पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, या भोंग्याला त्याचं सोयरसुतक नाही. खात्री म्हणून जाळीतून टॉर्च मारून पाहिलं, आतला फिरता भाग, म्हणजे रोटर, डब्यावरच्या बाणाच्या दिशेनंच फिरत होता.

आवाजावरून फेरे मोजणे

आत फार गुंतागुंत नसते. भोकं असलेला एक फिरता डबा म्हणजे रोटर, त्याच्याभोवती तशीच भोकं असलेला स्थिर डबा. रोटर पंख्यासारखी हवा ओढतो आणि भोकांतून बाहेर फेकतो. भोकं समोरासमोर आली की हवेचा झोत सुटतो, सरकली की तुटतो. सेकंदाला असे जितके झोत, तितकी आवाजाची कंपनसंख्या. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल कान्यार द ला तूर यानं १८१९ मध्ये याच तत्त्वावर एक उपकरण केलं आणि ते पाण्याखालीही गातं म्हणून ग्रीक पुराणातल्या सायरनांचं नाव त्याला दिलं. त्याचा हेतू कुणाला सावध करण्याचा नव्हता. चकतीचे फेरे मोजून आवाजाची कंपनसंख्या काढायची, हा होता.

मी तोच हिशेब उलटा लावला. जाळी काढून रोटरची भोकं मोजली, १० निघाली. फोनमधल्या ट्यूनर अ‍ॅपवर भोंग्याचा सूर ४३० हर्ट्झला येऊन थांबत होता. ४३० भागिले १० म्हणजे सेकंदाला ४३ फेरे, मिनिटाला २५८०. टॅकोमीटर लागला नाही, जाळीत हात घालावा लागला नाही. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच आकडा मी फूटपट्टीसारखा वापरला.

माझी घाई

आता माझी चूक सांगतो. आकडा हातात आल्यावर मी वायरिंगकडे वळायला हवं होतं. त्याऐवजी भोंगा उतरवला आणि मोटर उघडली. जुनी मोटर समोर दिसली की हात शिवशिवतात, दुसरं काय.

आतली स्थिती वाईट नव्हती, पण चांगलीही नव्हती. बेअरिंगमधलं ग्रीस वाळून डिंक झालेलं. फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणारे कार्बन अर्धे झिजलेले, त्यातला एक होल्डरमध्ये अडकून कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, नीट टेकत नव्हता. कम्युटेटर काळा पडलेला, आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक तांब्याच्या वर आलेला, त्यामुळे कार्बन उड्या मारत ठिणग्या पाडत होते. लेथवर हलका हात मारून, अभ्रक करवतीच्या पात्याच्या तुकड्यानं खाली खरवडून, खाचा साफ करून घेतल्या. नवे कार्बन गोलाईत घासून बसवले. वाइंडिंगचं इन्सुलेशन शाबूत होतं, तिथे मी काहीच केलं नाही. रोटर काढण्याआधी शाफ्टवर आणि रोटरवर पंचानं खूण करून घेतली होती, नाहीतर परत बसवताना तोल बिघडतो.

इथे एक धोका सांगून ठेवतो. सिरीज मोटर रोटरविना टेबलावर थेट १२ व्होल्टला कधीही जोडू नये. हवेचा भार नसला की ती वेग घेतच राहते, आणि आर्मेचरमधल्या तारा बाहेर फेकल्या जाईपर्यंत थांबेलच असं नाही. मी हेडलाइटचा बल्ब सिरीजमध्ये टाकून, मोटर शिकंज्यात पकडून, जेमतेम गरागरा फिरेल इतपतच चाचणी घेतली.

दीड दिवस गेला. भोंगा परत मडगार्डवर चढवला, जुन्याच वायरी जोडल्या, बटण दाबलं. ४५५ हर्ट्झ. मालक शेजारी उभे होते. ते म्हणाले, "काहीतरी फरक वाटतोय हो." वाटत नव्हता. ४३० वरून ४५५ म्हणजे मिनिटाला दीडशे फेऱ्यांचा फायदा, कानाला जेमतेम अर्ध्या स्वराचा. मोटर उघडायला हवीच होती, पण गुरगुर तिच्यामुळे नव्हती.

मग मीटर लावला, भोंगा वाजत असताना

क्लॅम्प मीटर केबलभोवती अडकवला, मल्टिमीटर व्होल्टवर ठेवला आणि मालकांना बटण दाबायला सांगितलं. सूर स्थिर झाल्यावर प्रवाह ५२ अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट. भोंग्याच्या टर्मिनलपासून त्याच्याच अंगापर्यंत ८.१ व्होल्ट. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या १२.२ पैकी ४.१ व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते. तिसरा हिस्सा.

मग वाट तुकड्यातुकड्यानं मोजली. मीटरची एक काडी तुकड्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि बटण दाबलेलं. बॅटरीपासून अँमीटरमार्गे इग्निशन स्विचपर्यंत ०.९. स्विचच्या आत ०.४. डॅशबोर्डच्या बटणात ०.७. बटणापासून भोंग्यापर्यंतच्या वायरीत ०.६. हे झाले २.६. उरलेले १.५ परतीच्या वाटेवर होते, जिकडे कुणी पाहिलंच नव्हतं: भोंग्याचा ब्रॅकेट आणि मडगार्ड यांच्यामध्ये ०.९, मडगार्ड आणि चॅसी यांच्यामध्ये ०.४, चॅसीपासून बॅटरीपर्यंतच्या विणलेल्या पट्टीत ०.२.

सगळी लक्षणं या आकड्यांत बसली. बटणात ०.७ व्होल्ट गुणिले ५२ अँपिअर म्हणजे ३६ वॅट उष्णता. डाग देण्याच्या सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता एका हॉर्नच्या बटणाच्या पोटात, बोट भाजणारच. हेडलाइट अँमीटरनंतरच्या त्याच वायरीवर होते, म्हणून बॅटरी ठणठणीत असूनही ते पिवळे पडत. आणि ३० अँपिअरचा अँमीटर ५० च्या वरचा प्रवाह कसा दाखवणार, काटा आपटण्यापलीकडे तो काय करेल?

ब्रॅकेटमधले ०.९ व्होल्ट मला सगळ्यात बोलके वाटले. मालकांनी रंग देताना मडगार्ड आणि ब्रॅकेट वेगवेगळे काढून, प्राइमर आणि तीन हात देऊन, आरशासारखे चकचकीत केले होते. मग बोल्ट आवळले. वीज परत जायला उघडा धातू राहिला होता तो फक्त बोल्टच्या आट्यांपुरता.

आधीच्या दोघांना हे का सापडलं नाही, तेही कळलं. त्यांनी टेस्ट लॅम्प लावला होता आणि तो झकास पेटला होता. पेटणारच. टेस्ट लॅम्प एखाद-दोन अँपिअर घेतो, त्या प्रवाहाला ही वाट राजमार्ग आहे. भोंग्याची वायर काढून मीटर लावला तरी पूर्ण १२.६ दिसतात. भार ओढत असताना मोजलं तरच चोर सापडतो.

आणि चोरी पंख्यावर दामदुप्पट वसूल होते. हवा फेकणाऱ्या रोटरला वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते. शेवटच्या तिसऱ्या हिश्शाचा वेग मिळवायला आधीच्या सगळ्याहून जास्त ताकद लागते, आणि नेमकी तीच वायरी गिळत होत्या.

नवी वाट

सेल्फचा प्रवाह जसा अँमीटर आणि इग्निशन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीतून जातो, तसाच भोंग्याचाही जायला हवा. बॅटरीच्या ऋण टोकापासून (या गाडीत तेच जिवंत टोक) वीतभर अंतरावर १५० अँपिअरचा बोल्टेड फ्यूज, पुढे सतत चालू राहू शकेल असा कॉन्टॅक्टर (छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), तिथून २५ स्क्वेअर एमएमची केबल भोंग्यापर्यंत. सेल्फचा सोलेनॉइडही चालला असता, पुष्कळ जण तोच लावतात, पण त्याची कॉइल काही सेकंदांसाठी बनवलेली असते आणि या मालकांचं बोट बटणावरून लवकर उठत नाही हे मी पाहिलं होतं. केबलही १६ ची भागली असती. २५ ची घेतली कारण सुरुवातीला, रोटर जागचा हलायच्या आधी, प्रवाह किती उसळतो हे तेव्हा मोजलं नव्हतं. नंतर मोजलं: पहिल्या क्षणाला २१० अँपिअर, दोन सेकंदांत शंभराच्या खाली.

परतीच्या वाटेसाठी रंग खरवडायचा नाही, ही मालकांची अट. योग्यच होती. मग भोंग्याच्या अंगावरच, जाळीच्या मागे न दिसेल अशा बोल्टवर, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) लावून तेवढ्याच जाडीची दुसरी केबल थेट चॅसीवर बॅटरीची पट्टी जिथे येते तिथे नेली. पट्टीही बदलली. थिंबल हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबली, वर पेट्रोलियम जेली. मडगार्डमधल्या जुन्याच भोकातून, नवा रबरी ग्रोमेट घालून, दोन्ही केबल नेल्या. नवं भोक पाडलं नाही. बाहेर दिसणाऱ्या लांबीवर सुती विणीची नळी चढवली, जुन्या वायरीसारखी दिसते. जुनी वायर काढताना तिचं रबर बिस्किटासारखं तुटत होतं, आणि ती इंजिनाला घासून गेलेली होती, फ्यूजशिवाय.

डॅशबोर्डचं मूळ बटण राहिलं. आता त्यातून फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा प्रवाह जातो, जेमतेम एक अँपिअर. कॉइल बंद होताना बटणाच्या संपर्कावर ठिणगी पडू नये म्हणून कॉइलवर डायोड, म्हणजे एकाच दिशेनं वीज जाऊ देणारा भाग, टाकला. इथे मी दुसऱ्यांदा शहाणा ठरलो. वर्षानुवर्षांच्या सवयीनं डायोडची दिशा दाखवणारी पट्टी पुरवठ्याच्या बाजूला केली. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत ते बरोबर. इथे पुरवठा ऋण, चॅसी धन. बटण दाबलं, 'टप्', नियंत्रणाच्या वायरीतला ५ अँपिअरचा फ्यूज गेला. पॉझिटिव्ह अर्थ भोंग्याला बाधत नाही असं मालकांना अर्धा तास समजावून सांगितलं होतं, आणि तीच पॉझिटिव्ह अर्थ माझ्या वीतभर वायरीतल्या डायोडला बाधली. मालक काही बोलले नाहीत. हसले मात्र.

चाचणी

सगळ्यांनी कानावर मफ चढवले. ही औपचारिकता नाही. मोठ्या यांत्रिक भोंग्यांचा आवाज १० फुटांवर १२० डेसिबलच्या पुढे जातो, तेवढ्यात क्षणभरही उघडे कान नकोत. काही जण शेजाऱ्यांच्या दयेपोटी भोंग्यावर गोधडी टाकून चाचणी घेतात. ते दोन कारणांनी वाईट. एक तर गोधडी आत ओढली जाते. दुसरं, हवा अडली की भार कमी होतो, प्रवाह उतरतो आणि रोटर उलट जास्त पळतो, म्हणजे मोजलेले सगळे आकडे खोटे.

बटण दाबलं. गुरगुर, मग चढ, मग आणखी चढ, आणि जिथे तो नेहमी थांबायचा ती जागा मागे टाकून वर. ६०० हर्ट्झ. मिनिटाला ३६०० फेरे. प्रवाह ७२ अँपिअर, बॅटरीवर १२.०, भोंग्यावर ११.६. वाटेतली गळती ४.१ वरून ०.४ व्होल्ट. पहिल्या दिवशीचा सूर षड्ज धरला तर आता तो जवळपास तीव्र मध्यमावर पोचला होता, आणि आवाजाचा जोर तर मीटरशिवायच कळत होता. हेडलाइट जेमतेम लवले. अँमीटरचा काटा ढिम्म.

मालकांना लगेच नवी चिंता: "प्रवाह वाढला की हो. बॅटरी बसेल." डायनॅमो पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो, भोंगा ७२ मागतो, तेव्हा शंका रास्त होती. पण २० सेकंद दाबलं तर खर्च ०.४ अँपिअर-तास. दिवे बंद असताना डायनॅमोकडे ८ अँपिअर जरी शिल्लक असले तरी तीन मिनिटांत भरपाई होते. शिवाय यांत्रिक भोंगा कुणी दाबून ठेवत नाही. चढवायचा, सोडायचा, उतरत आला की परत टोचायचा. तो वरखाली हेलकावा बोटानंच निघतो.

सोडल्यावर मात्र तो ५० सेकंद रेंगाळायचा. मागच्या डब्यावर एक तिसरं टर्मिनल होतं, त्याला वायरच नव्हती. आत विद्युतचुंबकीय ब्रेक. कॉइल शाबूत निघाली. तिच्यासाठी डॅशबोर्डखाली वेगळं बटण दिलं आणि त्याची वीज एका चेंजओव्हर रिलेतून फिरवली, त्यामुळे भोंग्याचं बटण दाबलेलं असेपर्यंत ब्रेकपर्यंत वीज पोचतच नाही. आता सहा सेकंदांत गप्प.

शेवटचं काम किल्लीचा स्विच, कॉन्टॅक्टरच्या नियंत्रण वायरीत, सीटखाली. बहुतेक देशांत सार्वजनिक रस्त्यावर सायरन वाजवण्याचा हक्क चालू सेवेतल्या आणीबाणीच्या वाहनांनाच असतो, आणि बंब निवृत्त झाला की त्याचा तो हक्कही गेला. प्रदर्शनाच्या मैदानात किल्ली फिरवायची, रस्त्यावर ती खिशात. यावर मालकांनी थोडी कुरकुर केली. बटण समोर असताना हात आवरणं त्यांच्यासाठी किती कठीण आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. किल्ली आता त्यांच्या सौभाग्यवतींकडे असते.

तीन महिन्यांनी परत तपासायला गेलो. गळती ०.४ ऐवजी ०.७ दाखवत होती. केबल, फ्यूज, कॉन्टॅक्टर जागच्या जागी. भोंग्याच्या अंगावरचा अर्थचा बोल्ट थरथरून पाव फेरा सैल झाला होता. दातेरी वॉशर टाकून आवळला. परत ०.४.